पाठीवरचं पाणी

निवाऱ्यातल्या पिंजऱ्यावर पाटी होती:
क्रमांक चारशे बारा, नर, वय अंदाजे सात, स्वभाव भिडस्त.
त्यातलं नर एवढंच खरं निघालं.

सात कुठले, बाराच्या पुढचा असेल,
डॉक्टर ओल्शेव्स्का म्हणाली, जबड्यात टॉर्च मारत.
आणि दात? दात म्हणजे
पाडकाम अर्ध्यात सोडलेली गिरणी,
आमच्या लॉड्झमध्ये अजून उभ्या आहेत तशी.

भिडस्त तर मुळीच नाही. पहिल्याच रात्री
माझ्या उशीवर मुतला,
आणि बाथटबमध्ये जाऊन असा बसला
की भाडं माझंच थकलंय.

नाव ठेवलं गुझिक. म्हणजे बटण.
तीस वर्षं मी कारखान्यात कोटांना बटणं लावली.
सुटलेलं बटण फेकायचं नसतं,
एवढं एकच शास्त्र मला येतं.

मार्चमध्ये उरलेसुरले दात काढले, नऊच्या नऊ.
माझी दाढ त्या महिन्यात तशीच ठणकत राहिली;
एका घरात एकाच तोंडाचा खर्च झेपतो.
भाऊ ल्युत्स्यान फोनवर म्हणाला,
"एवढ्या पैशात चार धडधाकट मांजरं पोसली असतीस."
असती की, म्हटलं.
पण धडधाकट मांजरांना माझं काय काम?

ऑगस्टमध्ये मूत्रपिंडं.
भिंतीवर चर्चनं दिलेलं कॅलेंडर,
प्रत्येक तारखेला एक संत,
आणि संताच्या पायाशी माझी पेन्सिल:
वजन तीन किलो चारशे. ओकला दोनदा.
क्रिएटिनिन वाढलं.
संत लॉरेन्सच्या दिवशी शी घट्ट, देव पावला.

आता दिवसाआड सलाईन.
पडद्याच्या दांडीला पिशवी, खाली टेबल,
टेबलावर टॉवेल, टॉवेलात तो,
आणि त्याला धरायला शेजारच्या तेओदोझ्याबाई,
वय एक्क्याऐंशी. चहाचा कप धरताना हात थरथरतात,
बोका धरताना नाही.

मानेमागची कातडी चिमटीत उचलायची
आणि सुई आत. पहिल्या दिवशी ती आरपार गेली,
मी अख्खं औषध टॉवेललाच पाजलं.
तेओदोझ्याबाई इतक्या हसल्या
की कवळी हातात घ्यावी लागली.
मग तिघांचे मिळून दात मोजले.
सगळे माझेच भरले,
त्यातली एक दाढ किडकी.

पिशवी आधी रेडिएटरवर कोमट करते,
मनगटावर थेंब टाकून बघते,
बाळाचं दूध बघतात तसा.
मला मूल नाही.
हे इथे लिहायचं नव्हतं.

शंभर मिली आत गेलं की पाठीवर उंटाचं मदार,
मग ते पाणी सावकाश उतरतं
खांद्यात, तिथून पुढच्या पायात,
आणि एका हाताला जाड बाही शिवलेल्या कोटासारखा
तो तासभर घरात फेंगडा फिरतो.
असा कोट माझ्या हातून गेला असता
तर सुपरवायझरनं उसवायला लावला असता.

त्यानंतर माझ्याकडे बघत नाही. फ्रीजमागे जातो.
अकराची शेवटची ट्रॅम वळते, काचा वाजतात,
तेव्हा बाहेर येतो,
ताज्या पाण्याची वाटी ओलांडतो,
सिंकच्या कडेवर चढून थांबतो:
मी नळ सोडावा, फार नाही,
सुईत ओवता येईल एवढी धार.

डॉक्टर म्हणाली होती, वर्ष. नीट बघितलंत तर दीड.
मी विचारलं, नीट म्हणजे किती?
ती पावती लिहीत होती.

काल काट्यावर भरला साडेतीन किलो.
मी ठळक लिहिलं, खाली दोनदा रेघ ओढली.
आज पाहते तर रेघेखाली
तेओदोझ्याबाईंचं वाकडंतिकडं अक्षर:
"पाणी धरून की वगळून?"

उत्तर लिहिलेलं नाही.
त्या चौकोनात जागाच उरली नव्हती,
पुढची तारीख लागते.